कुठला, कुणाचा, केव्हाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनी कुणी लोणच्या-पापडांविषयी बोलते, कुणी लेकरांच्या आजारपणाविषयी, कुणी थोर स्त्रियांची चरित्रे सांगते. यंदा चिटणीसबाईंनी मला धरले आणि म्हणाल्या, "मोबाईलवर येणाऱ्या खोट्या व्हिडिओंविषयी तुम्ही बोला." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवी. सातवी झाली, पुढे घरकाम नि मग लग्न. मला त्यातले काय कळणार?" त्या म्हणाल्या, "फसायला शिक्षण लागत नाही, मग फसल्याचे सांगायला कशाला लागते?" यावर मला उत्तर सुचले नाही. तेव्हा मी तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर फसलेली बाई म्हणून उभी आहे. नुसती फसलेली नव्हे, दुसऱ्यांना फसवलेली. ती गोष्ट मी इतकी वर्षे घराबाहेर सांगितलेली नाही. आज सांगणार आहे.

आधी थोडे मागचे. माझे माहेर लोहारा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी लहान होते. सास्तूरची काय दशा झाली हे तुमच्यातल्या पुष्कळजणींनी पाहिले आहे. सात हजारांवर माणसे गेली. त्यानंतर कित्येक दिवस अफवा उठायच्या, "आज रात्री पुन्हा होणार." सारे गाव बाहेर, अंगावर गोधडी घेऊन, रात्रभर जागे. परंतु त्या वेळी अफवा पायी चालत यायची. कुणीतरी माणूस ती तोंडाने सांगायचा, त्याला विचारता यायचे, "तुला कुणी सांगितले?" माझे आजोबा असेच विचारत विचारत मागे जात. तीन-चार घरे गेली की बातमीचे मूळ सापडायचे, आणि बहुधा ते मूळ म्हणजे कुणाचे तरी स्वप्न असायचे!

आताची बातमी पायी चालत नाही. ती खिशात येऊन पडते, आणि कुणी आणून टाकली ते कळत नाही.

आता माझी गोष्ट. सन २०१८ च्या उन्हाळ्यात थोरल्या लेकाने मला पहिल्यांदा मोठ्या पडद्याचा मोबाईल घेऊन दिला. त्याने व्हॉट्सॲप लावून दिले. माहेरचा गट, भिशीचा गट, शाळेतल्या पालकांचा गट, असे चार-पाच गट झाले. मला त्याचे इतके अप्रूप, की भाकरी तव्यावर आणि डोळे मोबाईलवर. मे महिन्याच्या अखेरीस एक व्हिडिओ आला. रस्त्यावर लेकरे खेळत आहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एक लेकरू उचलतात नि पसार होतात. खाली लिहिलेले, "लेकरे पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा." माझा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. माझ्या पोटात गोळाच आला. मी तो व्हिडिओ साऱ्या गटांत पाठवला. आणि भगिनींनो, खरी चूक इथून पुढे आहे. लोकांनी हलकेच घेऊ नये म्हणून मी त्याखाली माझ्या मनाने एक ओळ जोडली, "आपल्या भागातही आले आहेत." कुणी आले नव्हते. मी कुणाला पाहिले नव्हते. मला वाटले, भल्यासाठीच तर लिहिते आहे.

मृगाच्या सुमारास आमच्या गल्लीत दरवर्षी एक डवरी गोसावी यायचा. भगवी छाटी, खांद्याला झोळी, डौर वाजवायचा नि भैरवनाथाचे नाव घ्यायचा. त्या वर्षीही आला. मी दार लावून घेतले. पहिल्यांदा माझ्या दाराने त्याला पाठ दाखवली. खिडकीतून पाहते तो गल्लीच्या तोंडाशी पंधरा-वीस पोरे जमलेली. एकाने त्याची झोळी हिसकली नि रस्त्यावर उपडी केली. झोळीत काय? पीठ, थोडी ज्वारी, देवाची एक तसबीर आणि तंबाखूची डबी. पोरे म्हणाली, "लेकरे कुठे लपवतोस, बोल!" आणि एकाने मोबाईल वर धरून वाचून दाखवले, "हे बघा, इथे लिहिलेय, आपल्या भागातही आले आहेत."

ती माझी ओळ होती.

माझे पाय जागचे हालेनात. पण आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्या हातात सूप घेऊन ओट्यावर आल्या. त्यांना मोबाईल माहीत नव्हता नि त्यावरची भीतीही माहीत नव्हती. त्या त्या गर्दीत शिरल्या आणि त्या माणसाला सरळ विचारले, "कुठला रे बाबा तू?" तो म्हणाला, "मंगळवेढ्याकडचा, माय." "कुणाचा?" त्याने बापाचे नाव सांगितले. "या गावाला पहिल्यांदा केव्हा आलास?" तो म्हणाला, "बापाचे बोट धरून आलो होतो, माय." आत्याबाई म्हणाल्या, "तुझा बाप एका पायाने अधू होता, होय ना? त्याला मी बाजरी वाढलीय. सोडा रे त्याला!" पोरे पांगली. कुणी मान वर करून पाहिले नाही. आत्याबाईंनी सूपभर ज्वारी पुढे केली. त्या माणसाने त्या दिवशी ती घेतली नाही. तांब्याभर पाणी प्याला, सांडलेले पीठ तसेच टाकले, तसबीर उचलून कपाळाला लावली आणि गेला.

मी काय केले? माझ्या मोबाईलमधला तो व्हिडिओ पुसून टाकला. बस्स. ज्या गटांत पाठवला होता तिथे, "ही माझी चूक होती, असे कुणी आलेले नाही," एवढी एक ओळ लिहायचे मला धैर्य झाले नाही. लोक काय म्हणतील!

त्यानंतर काही आठवड्यांनी १ जुलै २०१८ ची बातमी आली. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. रविवारचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे गेले. लेकरे पळवणारे आले, अशी ओरड झाली. जमावाने त्यांना मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले, आणि पाचही जण मेले. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. त्याच रात्री मालेगावलाही असाच प्रकार होता होता पोलिसांनी माणसे वाचवली. पेपरात फोटो आले, ते मी एकेक करून पाहिले. आमच्या गल्लीत येणारा त्यांत नव्हता. पण त्याच्यासारखेच होते. त्यांच्या घरीही माझ्या धाकट्याएवढी लेकरे असतील.

आणि तो व्हिडिओ? तो आपल्या देशातलाही नव्हता. पाकिस्तानात कराचीला, लेकरांकडे लक्ष द्या हे आईबापांना सांगण्यासाठी मुद्दाम तयार केलेले ते चित्र होते. मूळ चित्रात शेवटी तेच दोघे मोटरसायकलवाले लेकरू परत आणून सोडतात नि पाटी दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला. कात्री एवढीशी चालली, पण आपल्याकडे माणसे मेली. ही बातमी वाचली तेव्हा आत्याबाई नुसते म्हणाल्या, "त्या गावात विचारणारे कुणी नव्हते का?" त्यांचा तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, तो काळ गेला, हल्ली लोक शहाणे झाले. होय, थोडे झाले. त्याच जुलैत व्हॉट्सॲपनेही आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांनाच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. परंतु लबाडीही शहाणी झाली. पूर्वी खऱ्या चित्राला कात्री लागायची. आता चित्रच नवे तयार होते. त्याला डीपफेक म्हणतात. लेकाने मला समजावले ते असे : यंत्राला एखाद्या माणसाचे पुष्कळ फोटो नि थोडा आवाज द्यायचा. यंत्र त्या माणसाची चेहरेपट्टी, ओठांची हालचाल, बोलण्याची धाटणी शिकून घेते. मग आपण लिहून देऊ ते शब्द त्याच माणसाच्या तोंडून, त्याच्याच आवाजात वदवते.

पूर्वी जत्रेत फोटोवाला मागे ताजमहालाचा पडदा लावायचा नि पुढे आपल्याला उभे करायचा. आपण आग्र्याला गेलो नाही हे साऱ्या गल्लीला माहीत असायचे, म्हणून त्यात गंमत होती. बहुरूपीही पोलिसाचा वेश घेऊन दारात दम देतो, पण शेवटी हसून सांगतो, "बाई, मी बहुरूपी आहे," नि पोटापुरते मागतो. हा नवा बहुरूपी मात्र शेवटपर्यंत सांगत नाही, आणि तो मागतो ते पीठ नव्हे. तो आपला पैसा मागतो, आपले मत मागतो, नाहीतर आपला राग मागतो.

पैशाचे उदाहरण पाहा. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरांचा व्हिडिओ फिरला. ते एका खेळाच्या ॲपची वाखाणणी करताहेत नि आपली मुलगी त्यावर रोज पैसे मिळवते म्हणताहेत. शेवटी त्यांना स्वतः सांगावे लागले, की हे खोटे आहे.

मताचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. इथे मी कुणा पक्षाची बाजू घेत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे एकेक सांगते. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीत, गृहमंत्री अमित शाह यांचा एक व्हिडिओ फिरला, जणू ते मागासवर्गीयांचे आरक्षण काढणार म्हणताहेत. ते तेलंगणातले आदल्या वर्षीचे भाषण होते, नि शब्द कापून-जोडून त्याचा अर्थ फिरवला होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मग नोव्हेंबरमध्ये आपल्या विधानसभेची निवडणूक. २० तारखेला मतदान, आणि १९ च्या रात्री सुप्रिया सुळे नि नाना पटोले यांच्या म्हणून आवाजाच्या फिती फिरल्या, बिटकॉइनच्या पैशाविषयी. सुळे यांनी हा माझा आवाज नव्हे म्हणून सांगितले. ज्यांचे कामच अशा गोष्टी पडताळण्याचे आहे त्यांनी तपासून सांगितले, की ते आवाज यंत्राने बनवलेले दिसतात. पण वेळ पाहा, भगिनींनो! मतदानाची आदली रात्र. खऱ्याला चप्पल घालून बाहेर पडायला वेळ मिळेपर्यंत खोटे साऱ्या राज्यात फिरून आलेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले होते, की असली बनावट चित्रे ध्यानात येताच तीन तासांत काढून टाका. चांगलेच केले. परंतु तीन तासांत ती किती मोबाईलमध्ये जाऊन बसतात, याचा हिशेब कुणी करावा?

ती फीत आपल्या मंडळाच्या गटातही आली होती. कुणी टाकली ते सांगत नाही. तिच्यावरून आपल्यातल्या दोघींचे असे बिनसले, की पंधरा वर्षांचा शेजार असून दोघींनी एकमेकींच्या घरची वाट सोडली. एकीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला दुसरी गेली नाही. नेते मंडळींचे काय, ती आज भांडतात नि उद्या एका व्यासपीठावर बसतात. आपल्याला मात्र रात्री-अपरात्री लेकरू तापले तर शेजारणीचेच दार वाजवायचे असते. संक्रांतीला तीळगूळ घेऊन अध्यक्षीणबाई दोघींच्या घरी गेल्या, तेव्हा कुठे ते मिटले. आज त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या आहेत नि माझ्याकडे डोळे वटारून पाहताहेत!

"हातच्या काकणाला आरसा कशाला" असे आपण म्हणत आलो. डोळ्यांनी पाहिले, मग पुरावा कशाला? आता तसे राहिले नाही. लोक सांगतात, ओठ नि शब्द जुळतात का पाहा, बोटे मोजा, दात पाहा, पापण्या पाहा. पाहावे, पण त्यावर विसंबू नये. यंत्र दिवसेंदिवस सुधारते आहे आणि आपली नजर दिवसेंदिवस चष्म्याकडे चालली आहे.

म्हणून मी आत्याबाईंचे प्रश्न धरले आहेत. त्यांनी त्या माणसाला जे विचारले तेच मी प्रत्येक व्हिडिओला विचारते. कुठला? कुणाचा? केव्हाचा? कुठला, म्हणजे हे कोणत्या गावचे, ओळखीचे काही दिसते का. कुणाचा, म्हणजे हे मूळ कुणी सांगितले, ज्याच्या तोंडी घातले आहे तो माणूस स्वतः काय म्हणतो, एखाद्या जबाबदार वर्तमानपत्राने छापले आहे का. केव्हाचा, म्हणजे आजचा की जुनाच नवे कपडे घालून आला आहे. निरोपावर दोन बाणांची खूण असली तर तो पुष्कळ हातांतून आला असे समजावे, आणि पुष्कळ हातांतून आलेली भाजी आपण धुतल्याशिवाय चिरत नाही. या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर तो व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्येच राहतो. पुढे जात नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझे बोलणे अर्धे राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, भूम-परंड्याकडे सीनेला महापूर आला, माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. माझी धाकटी बहीण परंडा तालुक्यात नदीकाठच्या गावी दिलेली आहे. त्या रात्री तिच्या मोबाईलवर दोन निरोप आले. एक, "धरण फुटले." दुसरा, "नदीत पाण्याचा विसर्ग वाढवत आहेत, काठच्या लोकांनी हलावे." घरातले म्हणाले, "असले निरोप खोटेच असतात, झोप." सगळेच खोटे मानायची सवय लागली की असे होते. तिने तेच तीन प्रश्न विचारले. पहिल्याचे मूळ सापडेना. दुसऱ्यासाठी तिने पोलीस पाटलांना फोन केला. ते म्हणाले, "खरे आहे, तहसीलमधून आले आहे, निघा." ती म्हातारी सासू, लेकरे नि दोन म्हशी घेऊन शाळेत गेली. पहाटे घरात छातीइतके पाणी होते. म्हणजे सगळे खरे मानणे हा जसा आंधळेपणा, तसा सगळे खोटे मानणे हाही आंधळेपणाच. आणि लबाडांना हा दुसरा आंधळेपणा फार सोयीचा. खरोखर सापडलेला माणूसही उद्या म्हणेल, "तो मी नव्हेच, ते यंत्राने बनवले आहे!"

आता शेवटचे. मी मंडळापुढे एक ठराव मांडते. आपल्या गटात जी बातमी वा व्हिडिओ टाकील तिने सोबत लिहावे, की हे कुठून आले नि आपण कुणाला विचारून खात्री केली. खात्री केली नसेल तर टाकू नये. निवडणुकीच्या आदल्या दोन दिवसांत तर कुणाच्याही विरुद्धचे काहीच टाकू नये. चूक झाली तर नुसते पुसून गप्प बसू नये, त्याच गटात, त्याच लोकांपुढे लिहावे, "माझी चूक झाली, हे खोटे आहे." पुसलेले आपल्या मोबाईलमधून जाते, लोकांच्या मनातून जात नाही. चूक कबूल करणारीला कुणी हसू नये, हेही ठरावात घालावे. कारण हसण्याच्या भीतीनेच मी त्या वेळी गप्प बसले. आणि कुणाचे पैसे फसवणुकीने गेले तर लाजू नये, लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

आत्याबाई जाऊन तीन वर्षे झाली. त्या निरक्षर होत्या, सही म्हणून अंगठा उठवायच्या. पण त्या दिवशी साऱ्या गल्लीत वाचता येणारे वीस जण होते आणि विचारता येणारी एकच होती.

तो डवरी गोसावी पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. मृग लागला की मी सुपात ज्वारी काढून ठेवते आणि डौराचा आवाज येतो का म्हणून कान देते. आला तर त्याला सांगायचे आहे, की ती ओळ माझी होती. तो येईल न येईल, म्हणून आज तुमच्यापुढे सांगितले.